पहिला डिजिटल कॅमेरा: बॉडी निवडताना नेहमी पडणारे प्रश्न

मोबाईल इतके भारी फोटो काढतो, मग कॅमेरा घ्यायचाच कशाला?

दिवसाउजेडी घरच्यांचे, फिरायला गेल्यावरचे फोटो काढायचे आणि ते मोबाईलवरच बघायचे असतील तर खरंच घेऊ नका, पैसे वाचतील. कॅमेऱ्याची गरज लागते ती लांबच्या गोष्टींना, कमी उजेडात हलणाऱ्या गोष्टींना, आणि शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), अॅपर्चर (लेन्समधलं भोक किती उघडायचं), फोकस हे सगळं आपण ठरवायचं अशी हौस असेल तेव्हा. मोबाईल अंधारात एकामागोमाग बऱ्याच फ्रेम घेऊन त्या एकात मिसळतो, त्यामुळे समोरची इमारत झकास येते पण स्टेजवर नाचणाऱ्या पोरीचे हात धुरासारखे दिसतात. बहुतेक मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर (उजेड टिपणारी चकती) १० मिमीच्या आसपास रुंद, बऱ्याचदा त्याहून लहानच, आणि साध्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याचा साडेतेवीस मिमी, हा फरक सॉफ्टवेअर बराच झाकतं पण सगळा नाही झाकत.

आणि एक आधीच सांगून ठेवतो, नवीन कॅमेऱ्याचे पहिले फोटो मोबाईलपेक्षा फिके वाटणार. मोबाईल न विचारता सावल्या उजळतो, रंग चढवतो, आकाश सावरतो, कॅमेरा त्यातलं फारसं काही स्वतःहून करत नाही. त्यामुळे "कॅमेरा खराब आलाय का" म्हणून पहिल्याच आठवड्यात परत करायला धावू नका.

नुसती बॉडी घेतली तर फोटो निघतो का?

नाही. बॉडी म्हणजे सेन्सर, शटर, स्क्रीन, बटणं असलेला डबा, लेन्स वेगळी. खोक्यावर "बॉडी ओन्ली" लिहिलं असेल तर आत लेन्स नसते, "किट" असेल तर सोबत एक साधी झूम लेन्स येते.

डीएसएलआर घेऊ की मिररलेस?

डीएसएलआरमध्ये लेन्समधलं दृश्य आरशाने डोळ्यापर्यंत येतं, मिररलेसमध्ये आरसा नसतो, सेन्सरने पाहिलेलं चित्रच छोट्या स्क्रीनवर दिसतं. नवाकोरा घेणार असाल तर मिररलेस, यात आता वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. कॅनन आणि निकॉन दोघांचेही शेवटचे नवे डीएसएलआर २०२० मधले आहेत, त्यानंतर दोघांचा सगळा जोर मिररलेसवर, डीएसएलआर मनापासून धरून बसलेली एक पेंटॅक्स राहिली. नव्या लेन्सही मिररलेसलाच येतायत.

शिकणाऱ्याला मिररलेसचा मोठा फायदा वेगळाच आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) फोटो जसा येणार तसा आधीच दिसतो, म्हणजे एक्स्पोजर (फोटोला मिळणारा उजेड) कमी केलं की डोळ्यासमोर चित्र गडद होतं, त्यामुळे कुठला डायल फिरवल्यावर काय होतं हे पटकन डोक्यात बसतं. डीएसएलआरमध्ये काच आणि आरशातून खरं दृश्य दिसतं, सुंदर दिसतं, पण फोटो कसा आला ते काढून झाल्यावरच कळतं. शिवाय डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणं नव्या मिररलेसमध्ये इतकं सोपं झालंय की चेहऱ्यांच्या फोटोत फोकस हुकणं जवळपास बंदच होतं.

मग डीएसएलआर कुणी घ्यावा? ज्याचं बजेट घट्ट आहे आणि सेकंडहँडची भीती नाही त्याने. लोक डीएसएलआर विकून मिररलेसवर गेले त्यामुळे बॉडी आणि लेन्स दोन्ही स्वस्तात पडून आहेत, आणि २०१६-१७ मधल्या बॉडीचा फोटो आजही तितकाच चांगला असतो. बॅटरीच्या बाबतीत तर डीएसएलआरच पुढे, निकॉन डी३५०० ला सिपाच्या (कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या) मोजणीने एका चार्जमध्ये १५५० फोटो मिळतात, शिकाऊ वर्गातल्या मिररलेसना साधारण ३०० ते ४००. प्रत्यक्षात भराभर काढले तर आकडा दोन्हीकडे वाढतो, पण मिररलेस घेणाऱ्याने दुसरी बॅटरी बजेटमध्ये धरायचीच.

फुल फ्रेमच घ्यावा म्हणतात, खरंय का?

जो म्हणतो त्याला विचारा तुझ्या लेन्स कितीच्या आणि वजन किती. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी (कॅननचा जरा लहान), मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिमी. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सव्वादोन पटीहून थोडं जास्त भरतं, म्हणजे कमी उजेडात एक स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा वर फायदा. फायदा खरा आहे, नाही म्हणत नाही. पण किट लेन्स काढून एफ/१.८ ची लेन्स (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) लावली तर एफ/५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड आत येतो, सव्वातीन स्टॉप, आणि तेही फुल फ्रेमच्या फरकापेक्षा खूप कमी पैशात. म्हणजे "अंधारात फोटो खराब येतात" या तक्रारीवर आधी लेन्स बदलायची, मग सेन्सरचा विचार.

एपीएस-सीवर एक हिशोब मात्र लक्षात ठेवा, दृश्य दीडपट जवळ दिसतं (कॅननवर १.६ पट), म्हणून ५० मिमीची लेन्स ७५ सारखी वागते (मिमीचा आकडा मोठा तितकं दृश्य जवळ). पोर्ट्रेटला छान, पण छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते तरी माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत. घरात काढायचं असेल तर ३० ते ३५ च्या आसपासची बघा. पक्षी किंवा मैदानी खेळ काढणाऱ्यांना हाच क्रॉप (कडेने कापलेलं दृश्य) फायद्याचा.

मेगापिक्सेल किती हवेत?

२४ घ्या, २० असतील तरी चालतील, पुढचा प्रश्न. बरं थोडं सांगतो, २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल, ३०० डीपीआयने छापलं तर २० × १३ इंचाची प्रिंट निघते, आणि फोरके स्क्रीनवर एका वेळी दिसतात जेमतेम ८ मेगापिक्सेल.

कॅनन, निकॉन, सोनी, फुजी... कुठली कंपनी चांगली?

फोटोच्या क्वालिटीवरून विचारत असाल तर कुठलीही, एकाच किमतीच्या दोन बॉडींचे फोटो शेजारी ठेवले तर नाव झाकून तुम्हाला ओळखता येणार नाहीत, मलाही नाही. कंपनी बघायची ती माउंटसाठी. माउंट म्हणजे लेन्स अडकते ती कडी, आणि एका कंपनीची लेन्स दुसरीला सरळ बसत नाही. पहिली बॉडी तुम्ही काही वर्षांनी विकणारच, पण तोपर्यंत दोन-तीन लेन्स जमलेल्या असतात आणि त्या टाकवत नाहीत, म्हणजे बॉडी निवडताना खरं तर तुम्ही तिच्या मागची दुसरी बॉडीसुद्धा निवडत असता. म्हणून दुकानात जायच्या आधी तासभर बसून त्या माउंटला स्वस्तातली ३५ किंवा ५० ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) आहे का, टेलीफोटो (लांबचं जवळ दाखवणारी) झूम कितीला मिळते, बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स आहेत का, एवढं बघा.

सोनीचा ई माउंट २०१० पासून आहे, सिग्मा, टॅमरॉन आणि बाकीच्यांच्या लेन्सचा ढीग आहे, सेकंडहँडमध्येही भरपूर मिळतं. फुजीचा एक्स माउंट २०१२ चा, लेन्स मुळातच एपीएस-सीसाठी बनवलेल्या त्यामुळे आटोपशीर, पण पुढे फुल फ्रेमला जायचा रस्ता त्यात नाही. कॅनन आरएफ आणि निकॉन झेड दोन्ही २०१८ चे. कॅननने बाहेरच्यांना ऑटोफोकसच्या लेन्स बनवायला बरीच वर्षं दार लावून ठेवलं होतं, २०२४ पासून सिग्मा आणि टॅमरॉनच्या एपीएस-सी लेन्स यायला लागल्या आणि चित्र बरंच सुधारलं. कॅननच्या डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स मात्र अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर व्यवस्थित ऑटोफोकस करतात, घरात कुणाच्या ईएफ लेन्स पडून असतील तर कॅननच घ्या, डोकं चालवू नका.

एक सापळा आहे, कॅननची एम सिरीज, ईओएस एम५० वगैरे. कॅमेरे गोंडस आहेत आणि सेकंडहँडला स्वस्त, पण तो माउंट २०१२ ला आला आणि २०२३ ला बंद झाला, आणि त्याच्या लेन्स आरएफ माउंटच्या नव्या आर बॉडीवर अडॅप्टर लावूनही बसत नाहीत. एक लेन्स लावून तसाच वापरायचा असेल तर ठीक, पुढे वाढवायचं असेल तर तिथे शिरू नका.

स्पेसिफिकेशनच्या यादीत नक्की काय बघायचं?

जे लिहिलेलं असतं त्यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते. सगळ्यात स्वस्त बॉडी स्वस्त करताना सेन्सर कापत नाहीत, तो चांगलाच असतो, कापतात ते बारीकसारीक भाग, आणि ते नाहीत हे सहा महिन्यांनी कळतं.

पहिलं, डायल किती? एक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये तो शटर स्पीड फिरवणार आणि अॅपर्चर बदलायला अंगठ्याने एक बटण दाबून धरून तोच डायल फिरवायचा, डी३५०० वर असंच आहे. दोन डायल असले की तर्जनीखाली एक, अंगठ्याखाली एक, डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता दोन्ही बदलता येतं. शिकायचंय म्हणून कॅमेरा घेणाऱ्याने माझ्या मते सगळ्यात आधी हेच बघावं, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही, सगळे फोरके आणि मेगापिक्सेलवर भांडतात.

दुसरं, व्ह्यूफाइंडर आहे का? निकॉन झेड३०, सोनी झेडव्ही-ई१० यांना नाही, ते व्हिडिओवाल्यांसाठी आहेत. भर उन्हात मागच्या स्क्रीनवर काही दिसत नाही, अंदाजाने काढावं लागतं. फोटो हे मुख्य काम असेल तर व्ह्यूफाइंडर हवाच.

तिसरं, निकॉनचा जुना डीएसएलआर घेत असाल तर बॉडीत फोकस मोटर आहे का. डी३००० आणि डी५००० मालिकेत नाही, डी७००० मालिकेत आहे. मोटर नसलेल्या बॉडीवर ५० मिमी एफ/१.८डी सारखी जुनी स्वस्त लेन्स बसते, फोटो निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो, आणि हे न बघता ती लेन्स घेऊन बसलेले लोक खूप आहेत. नावात एएफ-एस आणि 'जी' हे अक्षर असलेली लेन्स चालते. निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीला जुन्या लेन्स बसवायचा एफटीझेड अडॅप्टर लावला तरी डी लेन्सचं रडगाणं तेच.

चौथं, फ्लॅशचा हॉट शू (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच). कॅनन २५०डी च्या शूला मधली पिन नाही, त्यामुळे बाहेरच्या कंपन्यांचे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. पुढे फ्लॅशने पोर्ट्रेट करायचा विचार असेल तर दुकानात वरचं झाकण सरकवून डोळ्यांनी बघा, मधोमध गोल टिकली दिसली पाहिजे.

बॉडीतलं स्टॅबिलायझेशन असेल तर उत्तम, पण ते फक्त आपल्या हाताची थरथर थांबवतं, पळणारं पोर थांबवत नाही, त्याला शटर स्पीडच वाढवावा लागतो. वेदर सीलिंगचं तसंच, बॉडी सीलबंद पण लेन्स नाही तर पाणी कडीतूनच आत जातं, आणि पाण्याने बिघडलं तर वॉरंटी सहसा हात वर करते.

सेकंदाला किती फोटो, आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) किती लाखांपर्यंत जातो, हे वाचून सोडून द्या.

हातात धरून बघणं खरंच इतकं महत्त्वाचं आहे का? ऑनलाइन स्वस्त मिळतोय.

ऑनलाइनच घ्या हवं तर, पण एकदा कुठेतरी धरून बघा, मित्राचा बघा. उजव्या हाताने ग्रिप धरली की करंगळी कुठे जाते ते पाहा, छोट्या बॉडीत ती खाली हवेत लोंबकळते आणि जड लेन्स लावल्यावर तासाभरात मनगट बोलायला लागतं. डोळ्याला लावून आयएसओचं बटण न बघता सापडतं का, चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का. आणि आतलं धूसर दिसलं म्हणून कॅमेरा नाकारू नका, व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीक चाक असतं, डायॉप्टरचं, आधीच्या माणसाने आपल्या नंबरला फिरवून ठेवलेलं असतं, आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत फिरवा.

व्हिडिओ पण करायचाय, तर?

मग माइकचा जॅक आहे का हे आधी, बाकी नंतर, कारण लोक थोडं धूसर चित्र सहन करतात, खराब आवाज नाही करत. सोनी ए६००० ला जॅक नाही, डी३५०० ला नाही. स्क्रीन समोर वळते का, आणि फोरके चालू केल्यावर चित्र क्रॉप होतं का तेही बघा, कॅनन आर१०० वर फोरकेत चांगलंच क्रॉप होतं, शिवाय तिची स्क्रीन टचची नाही आणि वळतही नाही. त्याच कंपनीची आर५० या तिन्ही बाबतीत बरीच बरी आहे. फोरके सोडून फुल एचडीत काम भागत असेल तर यातल्या निम्म्या काळज्या गळून पडतात.

सेकंडहँड घेऊ का? काय तपासू?

घ्या की. पहिली बॉडी ही आपल्याला काय काढायला आवडतं ते शोधायला असते, आणि ते शोधेपर्यंत नव्या बॉडीची किंमत सगळ्यात जास्त घसरते, ती घसरण आधीच्या मालकाने सोसलेली बरी. फक्त घाईत, पार्किंगमध्ये उभ्या उभ्या व्यवहार करू नका, अर्धा तास आणि स्वतःचं कार्ड घेऊन जा.

आधी शटर काउंट, म्हणजे शटर आतापर्यंत किती वेळा उडालं. शिकाऊ वर्गातल्या बॉडीचं शटर साधारण १ लाख फोटोंसाठी धरलेलं असतं, म्हणजे २०-३० हजार झालेली बॉडी तशी तरुणच. निकॉनच्या फोटोच्या एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्ये साठवलेल्या माहितीत) आकडा मिळतो, कॅननला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. मग अॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ करून फोकस बिघडवून कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. ठिपके साफ करता येतात, पण नागमोडी रेघ किंवा ओरखडा दिसला तर सरळ उठून या. लेन्सची टोपी लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर द्या, लाल निळे चमकते ठिपके दोन-चार असणारच, रांगोळी असेल तर नको.

लेन्स सोबत असेल तर तिच्यातून मोबाईलचा टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे म्हणजे बुरशी, दमट जागी बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला ती धरतेच, आणि विकणारा "साफ होते ती" म्हणाला तरी घेऊ नका. ट्रायपॉडच्या भोकाजवळ दणका बसल्याची खूण, बॅटरीच्या झाकणाची खिट्टी, ग्रिपचं सुटलेलं रबर, कार्डाच्या खाचेतल्या पिना, सगळी बटणं एकेकदा दाबून, आणि बॉडीवरचा सिरियल नंबर बिलाशी जुळतो का. बिल नाही, खोकं नाही, चार्जर नाही आणि किंमत मात्र फारच कमी, तर ती चोरीची असू शकते.

बॉडी आणि लेन्समध्ये पैसे कसे वाटायचे?

निम्मे बॉडीला, निम्मे बाकी सगळ्याला, आणि बाकी म्हणजे एक प्राइम लेन्स, जास्तीची बॅटरी, दोन कार्डं, बॅग. पूर्ण बजेट बॉडीत घालून वर्षभर किट लेन्सवर कुढणारे लोक पाहून हे सांगतोय. कार्डावर व्ही३० लिहिलेलं घ्या म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची खात्री, फोटो आणि साध्या फोरकेला पुरतं.

किट लेन्सला नाक मुरडू नका मात्र. बॉडीसोबत घेतली तर नावापुरत्या पैशात पडते, आणि तीन महिन्यांनी काढलेले फोटो उघडून बघा, सगळे झूमच्या १८ मिमी टोकाला आहेत की ५५ मिमी टोकाला. ५५ वरच अडकलेले असतील तर पुढची लेन्स लांबची, १८ वर असतील तर रुंद.

नवीन मॉडेल येणार म्हणतात, थांबू का?

नाही. नवीन आलं की जुनं स्वस्त होतं एवढाच त्यातला फायदा, तेवढ्यासाठी थांबायचं असेल तर थांबा.

सगळं कळलं, पण एकच नाव सांगा ना.

काय काढायचंय ते न सांगता हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच. नवी आणि छोटी हवी, घरचे, प्रवास, थोडा व्हिडिओ, तर कॅनन आर५०. डायल दोन हवेत आणि हात मोठे आहेत तर कॅनन आर१० किंवा निकॉन झेड५०-२. लेन्सचे पर्याय हवेत तर सोनी ए६४००, २०१९ ची आहे पण फोकस अजून खणखणीत, डायलची मांडणी मात्र मला कधी आवडली नाही. अगदी कमी पैशात शिकायचं तर सेकंडहँड निकॉन डी७१०० किंवा डी७२००, दोन डायल, बॉडीत मोटर, जुन्या स्वस्त लेन्सचा खजिना उघडा. वजनदार आहे आणि व्हिडिओत रडवेल.

पक्ष्यांसाठी विचारणार असाल तर बॉडी कुठलीही चालेल, ४०० मिमीपर्यंत जाणाऱ्या लेन्सचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात जी येईल ती बॉडी.

कॅमेरा घरी आला, पहिल्या दिवशी काय करू?

तारीख-वेळ बरोबर लावा, नाहीतर पुढे फोटो शोधताना वैताग. फाइल रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) + जेपेग ठेवा, जेपेग आत्ता वाटायला आणि रॉ पुढे एडिटिंग शिकाल तेव्हासाठी, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरतात आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४, जळालेलं आकाश सावरताना हाच फरक कामाला येतो. मग मेनूत जाऊन "कार्ड नसताना शटर" अशा अर्थाचा पर्याय शोधा आणि बंद करा. बऱ्याच बॉडींवर तो चालूच येतो, म्हणजे कार्ड घरी लॅपटॉपमध्ये राहिलेलं असतं, कॅमेरा खटाखट आवाज करत फोटो काढतो, स्क्रीनवर दाखवतोही, आणि साठवत काहीच नाही.